बारवेतून वर बघणारी बाई

पलूसच्या अलीकडे, एस.टी.च्या फाट्यापासून दीड मैल आत, माळेवाडी म्हणून गाव आहे. तिथल्या बनुबाईला त्या पंचक्रोशीत तोंडावर कुणी फारसं हाक मारत नसे आणि पाठीमागं सगळे ‘बारवेतली’ म्हणत. पंचवीस-सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं. बनुबाईनं त्याचा राग करणं केव्हाच सोडून दिलं होतं. राग करायलाही अंगात बळ लागतं, आणि तिचं सगळं बळ दीड एकर रानात खर्ची पडत होतं. गावातल्या बाया एकमेकींच्या रानात आळीपाळीनं राबायच्या, सावड करायच्या. बनुबाईशी सावड कुणी धरत नसे. त्यामुळं उसाची भांगलण असो की शाळूची काढणी, तिची पाठ आणि तिचाच विळा.

ह्याला कारण एक सिनेमा.

एक्कावन्न साली कोल्हापूरची एक कंपनी माळेवाडीत उतरली. गावाबाहेर जुनी बारव होती, बेचाळीस पायऱ्यांची, भर उन्हाळ्यातही तळाला पाणी असणारी. अशाच एका बारवेत जीव दिलेली सून पाण्याला येणाऱ्या बायांना दिसते, अशी ‘काळी बारव’ ह्या सिनेमाची गोष्ट. दिग्दर्शक गोपाळकृष्ण मास्तर, उंच, किडकिडीत, एका विडीवर दुसरी पेटवणारे. त्यांनी आणलेली नटी पहिल्याच दिवशी शेवाळावरून घसरली आणि तिचा घोटा टम्म सुजला. भुताचं काम अडलं. मास्तरांनी पाटलाला विचारलं, ह्या पायऱ्या रोज उतरणारी एखादी बाई मिळेल का. पाटलानं साळूबाईला निरोप धाडला. साळूबाई म्हणजे बनुबाईची सासू. तिला एक लुगडं कबूल झालं आणि सुनेची रवानगी झाली. सुनेला विचारावं असं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

बनुबाई तेव्हा वीस-एकवीस वर्षांची होती. नवरा कृष्णात फौजेत, वर्षातून एकदा यायचा. त्या दिवशीही पहाटेचं दळण, शेण आणि भाकऱ्या उरकूनच सासूनं तिला सोडलं होतं, आणि घाईत तिच्या स्वतःच्या पोटात काही पडलं नव्हतं. कंपनीच्या माणसांनी तिचे केस मोकळे सोडले, तोंडाला तांदळाचं पीठ फासलं. काम एवढंच होतं. तळाला जायचं, घागर भरून डोक्यावर घ्यायची, थांबायचं आणि वर बघायचं. कॅमेरा वर काठावर होता. पीठ लावणारा माणूसही वरच बसलेला, त्याला पायऱ्यांची धास्ती. त्यामुळं पीठ ओघळलं की बनुबाईनं वर यायचं, तोंड रंगवून घ्यायचं आणि परत खाली उतरायचं. कधी ढग आला, कधी घागर हिंदकळली, कधी कॅमेऱ्यातच काही बिघडलं. असं सोळा-सतरा वेळा झालं.

उन्हं कलायला लागली तेव्हा ती शेवटची खाली उतरली. घागर भरली, डोक्यावर घेतली आणि वर बघितलं. वर बेचाळीस पायऱ्या होत्या. तिच्या मनात भूत नव्हतं, नवरा नव्हता, सासूसुद्धा नव्हती. परत हे सगळं चढायचंय, एवढंच होतं.

मास्तरांच्या हातातली विडी विझली. मग हळू आवाजात म्हणाले, “बास. झालं पोरी. घरी जा.”

ते बघणं त्यांनी सिनेमाच्या अगदी शेवटी ठेवलं. कोल्हापुरात, सांगलीत, पुण्यात सिनेमा चालला तो त्या बघण्यावर. थेटरात बाया पदरात तोंड लपवायच्या, पुरुष घरी जाताना मागं वळून बघायचे. दुसऱ्या साली जत्रेत पलूसला तंबूतला सिनेमा आला आणि माळेवाडी गाड्या जुंपून तिकडं गेली. बनुबाई घरी होती. गुरांपाशी कुणीतरी राहायला हवं होतं. साळूबाई परत आली ती सुनेशी एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर लिंबू आणि बिब्बा टांगलेला दिसला, आणि तो दाराच्या आतल्या बाजूला होता.

तेव्हापासून बनुबाई बारवेवर गेली की बाकीच्या बाया काठावर थांबायच्या, ती गेल्यावर उतरायच्या. पाचवीला, बारशाला कुणी बोलावेना. तिची सावली लेकरावर पडली तर आई लेकराला ओढून घ्यायची. कुणी तिला शिवी दिली नाही की दगड मारला नाही. नुसतं एक हात अंतर राखलं, आणि ते अंतर पंचवीस वर्षं पुरलं.

कृष्णातनं तो सिनेमा बेळगावात आपल्या पलटणीच्या गड्यांसोबत बघितला होता. गडी त्याची पाठ थोपटून हसले, तोही हसला. पण रजेवर आला आणि चुलीच्या उजेडात बायकोचं तोंड दिसलं, की तो मान वळवायचा. माणूस वाईट नव्हता. एकदा त्यानंच सांगितलं.

“बनू, तू तशी न्हाईस ह्ये मला ठावं हाय. पर ह्या डोळ्यास्नी ठावं न्हाई, त्याला मी काय करू?”

तिनं काय करावं हे त्यानं सांगितलं नाही. चौपन्न साली अंजना झाली. पासष्टच्या लढाईत कृष्णात पडला. तार आली तेव्हा भेटायला जमलेल्या बायांदेखत साळूबाई म्हणाली, “शेवटी खाल्लाच.” पुढं सत्तर साली साळूबाईला अर्धांगवायू झाला आणि ती आठ महिने अंथरुणाला खिळली. बनुबाईनं तिला धुतलं-पुसलं, घास भरवले. घास घेताना साळूबाई डोळे मिटून घ्यायची, आणि घास गिळून झाला की मगच उघडायची. तशीच एके दिवशी गेली.

अंजनाला दोन ठिकाणची स्थळं सांगून येऊन परत गेली, ‘बारवेतलीची पोर’ म्हणून. शेवटी इस्लामपूरला साखर कारखान्यातला एक मुलगा मिळाला. त्याला सिनेमाची आवडच नव्हती. अंजना गेली, आणि घरात बनुबाई एकटी उरली.

आणि ह्या सगळ्यात बनुबाईनं स्वतः तो सिनेमा कधी बघितलाच नव्हता. आधी सासूनं जाऊ दिलं नाही. मग लोकांत जाऊन बसायची सोय राहिली नाही. पुढं तो लागायचाच बंद झाला. कधीतरी आरशासमोर कुंकू लावताना ती बुबुळं वर करून बघायची. काहीच दिसायचं नाही. साधेच डोळे होते.

सत्त्याहत्तर साली पावसाळा सरता सरता मास्तरांचा पुतण्या हरी गाडी घेऊन माळेवाडीत आला. मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली होती. हरीनं ‘काळी बारव’ नव्यानं काढला होता, पुरा रंगीत. पहिला खेळ सांगलीत होता आणि जुन्या सिनेमातली खरी बाई त्या खेळाला हवी, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. मध्यंतरात मंचावर यायचं, लोकांना दर्शन द्यायचं, साडीचोळी घ्यायची. बनुबाईनं त्याला ओट्यावर बसवून पाणी दिलं आणि एकच विचारलं, जुना सिनेमा कुठं बघायला मिळंल का.

हरी म्हणाला की आता तो कुठंच नाही. गोदामाला आग लागली त्यात सगळी रिळं गेली. पण नवा तोच आहे, गोष्ट तीच, शेवट तोच, उलट जास्त चांगला.

बनुबाई जायला तयार झाली ती एवढ्यावर. अंजनाला कळलं तेव्हा ती इस्लामपूरहून तडक आली आणि चिडली. इतकं भोगलंस ते कमी पडलं का, आता लोकांपुढं उभी राहून तमाशा करून घेणार का, असं तिनं बरंच ऐकवलं. बनुबाई मुकाट्यानं शेंगा फोडत होती. शेवटी म्हणाली, “मला बघायचं हाय गं. त्यास्नी काय दिसलं, त्ये एकदा बघायचं हाय.”

अंजना मग आईबरोबर सांगलीला निघाली.

गाडीला गर्दी होती. पलूसपासून भिलवडीच्याही पुढपर्यंत बनुबाई उभीच. थेटरापुढं बँडवाले होते आणि भलीमोठी पाटी लावलेली, तिच्यावर लांब सुळ्यांची बाई, ओठातून रक्त गळणारी. बनुबाईनं पाटीकडं बघितलं आणि ही कोण म्हणून विचारलं. अंजना म्हणाली, “तूच की.”

तीनचा खेळ सुरू झाला. बायकांच्या बाजूला पुढून चौथ्या रांगेत दोघी बसल्या. पहिल्या घटकाभरात बनुबाईच्या ध्यानात आलं की ही बारव बारवच नाही. पायऱ्या गुळगुळीत, नव्या कोऱ्या, आणि कुणी भिंतीला टेकलं की भिंत हलायची. पाणी निळं होतं. सून बारवेत उडी टाकते तिथं तिच्या मैत्रिणी आधी येऊन गाणं म्हणून गेल्या. भूत आलं ते धुरातून, लाल उजेडात, पांढऱ्या झुळझुळीत पातळात. वर येताना त्याचे खोटे केस घागरीच्या काठात अडकले आणि घागर जरा बाजूला ओढली गेली. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “बाई, फणी देऊ का?” आणि सगळं थेटर हसलं.

त्यानंतर लोकांना हसायला निमित्तच पुरे झालं. भुतानं सुळे दाखवले की हसू, डोळे फिरवले की हसू. बनुबाई हसली नाही. ती वाट बघत होती.

मध्यंतरात दिवे लागले आणि हरीनं कर्ण्यावरून तिचं नाव पुकारलं. मंचाला पाच पायऱ्या होत्या. गुडघा धरून ती चढली. हरीनं तिची ओळख करून दिली, महाराष्ट्राचा थरकाप उडवणारी हीच ती बाई, असं बरंच बोलला, आणि मग तिला म्हणाला की बाई, तसं एकदा बघा. वर बाल्कनीकडं बघा.

ती कशी बघत होती हे तिला कुठं ठाऊक होतं? तिनं मान वर केली. तोंडावर दिवा होता, त्यामागं काही दिसत नव्हतं. खाली शेंगांची टरफलं वाजत होती. एकानं शिट्टी मारली. मागून कुणीतरी म्हणालं, म्हातारीला बसायला द्या रं. दोनचार टाळ्या पडल्या. हरीनं साडीचोळीचं पुडकं तिच्या हातात दिलं आणि ती पाच पायऱ्या उतरून जागेवर येऊन बसली. अंजनानं तिचा हात धरला तो पुढं बराच वेळ सोडला नाही.

मग शेवट आला. भूत पाण्यातून घागर घेऊन उठलं आणि त्यानं वर बघितलं. बनुबाई खुर्चीत पुढं सरकली. पडदाभर तोंड आलं. बुबुळांत हिरवे दिवे लावलेले, नाकपुड्या फुगवलेल्या, सुळ्यांवरून रंगाचे ओघळ. वरून ढोल वाजत होता. कुणीतरी ओरडलं की दाताच्या डॉक्टरला बोलवा, आणि लोक उठायलाही लागले.

“ह्योच व्हय?” बनुबाईनं विचारलं.

“ह्योच,” अंजना म्हणाली.

बनुबाई मागं टेकली. एवढ्या लांब येऊन हाती काही लागलं नव्हतं, आणि आता कुठं जाऊन बघावं अशी जागाही उरली नव्हती.

गर्दी ओसरेपर्यंत थेटरच्या मॅनेजरनं दोघींना आपल्या खोलीत चहाला बसवलं. तिथं कोपऱ्यात एक मुलगी बसली होती, जरीकाठी साडी नेसलेली, काजळ गालांवर उतरलेलं. नव्या सिनेमातलं भूत तीच. शरयू तिचं नाव, सांगलीचीच, गावभागातली. सुळे नव्हते तर चेहरा अगदी शाळेतल्या पोरीसारखा होता. पहिलाच सिनेमा, आणि थेटरात आळीतली, नात्यातली सगळी माणसं आलेली. हसण्याचा आवाज सुरू झाला तशी ती उठून इथं येऊन बसली होती.

बनुबाईला बघून ती उठली आणि वाकून नमस्कार केला. पंचवीस वर्षांत आपणहून कुणी तिच्या पायांना हात लावला नव्हता. बनुबाईनं पाय मागंच घेतले.

चहा आला. मग शरयूच हळूहळू सांगू लागली. ती आठ वर्षांची असताना जुना सिनेमा सांगलीत परत लागला होता, तेव्हा आत्याबरोबर तिनं तो बघितला होता. शेवटी आत्यानं तिचे डोळे झाकायला हात पुढं केला, पण तिनं तो बाजूला करून बघितलं होतं.

बनुबाईनं कप खाली ठेवला. “काय दिसलं?”

“मला भीती नाही वाटली हो,” शरयू म्हणाली. “तुम्ही फार दमलेल्या दिसत होता. आमची आई चौदा माणसांचं करायची. मागच्या दारी भांड्यांचा ढीग घासून झाला, की माजघरातून आणखी कुणीतरी हाक मारायचं. तेव्हा ती तिथूनच मान वर करून अशी बघायची. अगदी तशी. मी घरी जाऊन आईजवळ निजले त्या दिवशी.”

बनुबाई बराच वेळ तिच्याकडं बघत राहिली. अंजनाला वाटलं आता आई रडणार. पण ती रडली नाही.

“सतरा येळा चढले-उतरले हुते,” ती शेवटी म्हणाली. “पोटात काय नव्हतं.”

“मी हरीभाऊंना म्हटलं होतं,” शरयू म्हणाली, “की सुळे नकोत, मी नुसतं बघते. ते म्हणाले, नुसतं बघायला लोक तिकीट काढत नाहीत.” आणि तिला पुन्हा रडू फुटलं. “किती हसले सगळे. उद्यापासून घराबाहेर कशी पडू मी?”

बनुबाईनं हात पुढं केला, मध्येच जरा थांबली, आणि मग तिच्या पाठीवर ठेवला.

“हसली त्ये बरं झालं, पोरी. हसल्यालं माणूस घरला जाऊन जेवतं आन् इसरतं. भ्यालेलं इसरत न्हाई. चार दिस चिडवतील तुला. मग लगीन हुईल, लेकरं हुतील, कुणाच्या ध्यानातबी ऱ्हायचं न्हाई. तुजं काय गेलं न्हाई ह्यात.”

शरयूनं बनुबाईचं काय गेलं ते विचारलं नाही. अंजना खिडकीतून बाहेर बघत होती. चहा निवून गेला.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली. बनुबाई खिडकीला डोकं टेकून होती. अंजनानं एकदा विचारलं, कसं वाटलं. बनुबाई म्हणाली की ती पोर खरं बोलली असंल. बघणाऱ्या एवढ्या माणसांत एकीला तरी दिसलं म्हणायचं. पण हे आधी कळलं असतं तर काय झालं असतं, ह्याचा विचार करायची तिला आता ताकद नव्हती. पलूस यायच्या आधीच ती झोपली.

नवा सिनेमा सांगलीत आठवडाभरही टिकला नाही. शरयूचं पुढच्या वर्षी वाईला लग्न झाल्याचं कुणाकडून तरी कळलं. माळेवाडीच्या जत्रेला तंबूवाल्यानं तोच सिनेमा स्वस्तात मिळाला म्हणून आणला. ह्या वेळी बनुबाई गेली नाही, पण तंबूतलं हसणं तिला अंगणात ऐकू येत होतं. गावातली म्हातारी माणसं नाराज झाली. तात्याबा म्हणाला, जुन्याची सर न्हाई, त्या वेळची भीती आता ऱ्हायली न्हाई. त्याच्या पिढीच्या बायांनी अंतर राखलं ते राखलंच. सावडीला कुणी आली नाही, आणि बनुबाईनंही कुणाला विचारलं नाही. सवय दोन्हीकडून झाली होती.

पण जत्रा झाल्यावर शेजारच्या हंबीररावाची धाकटी नात, सहा-सात वर्षांची, बनुबाईच्या कुंपणाशी येऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं, “आज्जी, तुजं सुळं कुठायत?”

बनुबाई म्हणाली, सुळं पडलं. पोरीला ते पटलं. मग तिनं परसातल्या पेरूच्या झाडाकडं बोट दाखवलं. बनुबाईनं दोन पेरू काढून दिले. दुसऱ्या दिवशी पोर आणखी चौघींना घेऊन आली. तिसऱ्या दिवशी किती आल्या ते तिनं मोजलं नाही. इतकी वर्षं त्या झाडाचा एक पेरू कुणी चोरला नव्हता. सगळे पिकायचे, पाटीत भरून ती पलूसच्या बाजाराला न्यायची. आता आठवड्यात झाड ओरबाडून निघालं, दोन फांद्या मोडल्या, आणि वाफ्यातली मेथी तुडवली गेली.

अंजना दिवाळीला आली तेव्हा बनुबाईनं तिला हेच गाऱ्हाणं सांगितलं. दुपारी जरा पाठ टेकावी म्हटलं तर सोय नाही, पोरी घरात शिरतात, उतरंडीला हात लावतात, भूत हो म्हणून मागं लागतात. अंजना म्हणाली की मग दटावायचं.

बनुबाईनं दटावून बघितलं होतं. डोळे मोठे करून, काठी आपटून, खच्चून ओरडली होती. पोरी हसत खाली बसल्या आणि म्हणाल्या, आज्जी, परत कर.

मग तीच आत जाऊन बाजेवर आडवी झाली.